घरच्या डीव्हीडीवरचं शूटिंग एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कसं घ्यायचं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: आई-वडिलांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात पन्नास वर्षं होतायत. कपाट आवरताना अकरा डिस्क सापडल्या. त्यातून हॉलमध्ये दाखवायला वीसेक मिनिटांची फिल्म करायची आहे. डिस्क लॅपटॉपला लावल्या की बहुतेक व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात, पण एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या की नाना तऱ्हा. एक फाइल घेतच नाही. दुसरी घेते, पण आवाज गायब. तासाभराचं शूटिंग टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, चार मिनिटांचं दिसतं. माणसं लांबट दिसतात. आणि दोन छोट्या डिस्क तर कोऱ्या आहेत असं कॉम्प्युटर सांगतो. शेवटी ताई विचारतात, ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ म्हणजे सगळं चालेल?’

ताई, सॉफ्टवेअर बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. मी तीसेक वर्षं मिरजकर तिकटीजवळ मिक्सिंगचं, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचं काम करतोय. व्हीएचएसचे दोन डेक समोरासमोर ठेवून कॅसेटवरून कॅसेट जोडायचो, तेव्हापासून. मग मिनी डीव्ही कॅसेट आली, एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर आलं, आता पार्टी मोबाइलमधलं शूटिंग पेनड्राइव्हवर आणून देते. एवढ्या काळात डीव्हीडी घेऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं तुमचाच प्रश्न विचारलाय, आणि प्रत्येकाला वाटलेलं की अडचण एडिटिंगची आहे. अडचण त्याच्या आधीची असते. तुम्ही एका ओढीत तीन कामं करायला बघताय: डिस्क वाचणं, तिच्यावर काय आहे ते ओळखणं, आणि ते एडिटिंगला सोसेल अशा रूपात आणणं. ही तीन कामं सुटी करा. पहिल्या दोन कामांना वेळ द्या. तिसरं एकदाच करा.

एकदाच का, ते आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीनं दाबलेलं असतं. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. साधारण बारा ते पंधरा फ्रेमच्या एका गठ्ठ्यात पहिली तेवढी पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढी नोंद. म्हणजे रसाचा गूळ आधीच झालेला आहे. आता तो गूळ पाण्यात विरघळवून पुन्हा काहिलीत घातलात तर रस परत मिळत नाही, वर थोडं करपतं ते वेगळंच. लोक काय करतात? इंटरनेटवरून एखादा फुकटचा कन्व्हर्टर उतरवतात आणि एमपी-४ करतात. ते एडिटरमध्ये जमत नाही म्हणून आणखी एका कन्व्हर्टरमधून काढतात. मग एडिट करून रेंडर, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढणं, आणि शेवटी व्हॉट्सअॅप. चार उकळ्या. आजीच्या नऊवारीचा काठ पहिल्या उकळीतच जातो.

आता पहिलं काम. डिस्कवरून थेट एडिट करू नका, कधीच नाही. आधी पूर्ण डिस्क हार्ड डिस्कवर उतरवा. प्रत्येक डिस्कचा वेगळा फोल्डर, आणि फोल्डरचं नाव डिस्कवर मार्करनं जे लिहिलंय तेच, अगदी ‘दादाचं लग्न २ नंबर’ असलं तरी. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, कॉम्प्युटर साधारण ४.३७ दाखवतो. कमी आलं म्हणून घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. अकरा डिस्क गच्च भरलेल्या असल्या तरी पन्नास जीबीच्या आतबाहेर काम होईल.

घरच्या शूटिंगला कुलूप नसतं, त्यामुळं साधं कॉपी-पेस्ट चालतं. अकरापैकी एखादी विकत आणलेल्या सिनेमाची निघाली तर ती बाजूला ठेवा. तिला कुलूप असतं आणि ते तोडायच्या भानगडीत पडायचं काम नाही.

कॉपी मध्येच अडकली आणि ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं काहीतरी आलं, तर समजा ड्राइव्हला तिथलं वाचता येत नाहीये. याचा अर्थ डिस्क मेली असा नाही. आधी डिस्क धुवा. साधं कोमट पाणी, लागलाच तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडं सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती गोल फिरत लिहिलेली असते, त्यामुळं गोल ओरखडा लागोपाठची माहिती खातो, आडवा ओरखडा ठिकठिकाणची थोडी थोडी. थोडी गेलेली ड्राइव्ह भरून काढतो. २०१९ च्या महापुरानंतर पाणी शिरलेल्या घरांतून पोत्यानं डिस्क माझ्याकडं आल्या होत्या, वाळलेल्या चिखलासकट. लोकांनी घाईनं कोरड्या फडक्यानं पुसल्या होत्या, त्या रेतीनं खरवडल्या गेल्या. ज्यांनी नुसत्या पोत्यात भरून तशाच आणल्या, त्यांच्या बादलीत बुडवून चिखल आपोआप सुटेपर्यंत ठेवल्या. त्यातल्या बऱ्याच वाचल्या.

धुऊनही वाचत नसेल तर ड्राइव्ह बदलून बघा. हा सल्ला फार बाळबोध वाटतो, पण माझ्या टेबलावर तीन जुने डीव्हीडी रायटर आहेत ते याच कारणासाठी. एकाला जी डिस्क वाचत नाही ती दुसरा मुकाट वाचतो. लॅपटॉपला यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह लावला असेल तर तो हबमधून न लावता थेट लावा. वीज कमी पडली की तो मध्येच मान टाकतो आणि आपण डिस्कला दोष देतो. छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डिस्क ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घाला, मधल्या खोलगट वर्तुळात बसवून. फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घातलीत तर ती आतच राहील आणि ड्राइव्ह खोलायची वेळ येईल. डिस्कवर कागदी स्टिकर लावलेला असेल आणि तो एका बाजूनं सुटला असेल तर तेही बघा. वेगात फिरताना तोल जातो.

दुसरं काम, ओळखणं. याला कोणीच वेळ देत नाही आणि इथंच सगळा घोळ असतो. तुमच्या अकरा डिस्क एका जातीच्या नाहीत हे मी न बघता सांगतो. आपल्याकडं चकचकीत गोल दिसलं की सगळ्याला ‘सीडी’ म्हणायची पद्धत. उतरवलेला फोल्डर उघडा आणि आत काय आहे ते बघा.

‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असेल तर ती खरी डीव्हीडी. आत व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन जातीच्या फाइली असतात. चित्र आणि आवाज व्हीओबीत. आयएफओ म्हणजे अनुक्रमणिका: कुठलं दृश्य कुठून सुरू, कशानंतर काय. बीयूपी ही अनुक्रमणिकेची जादा प्रत. व्हीओबी एक जीबीपेक्षा मोठी करायची नाही असा डीव्हीडीचा नियम, म्हणून तासाभराचा कार्यक्रम तीन-चार तुकड्यांत कापलेला असतो. तुकडा कुठंही तुटतो. अक्षता टाकतानाच तुटेल, मंगलाष्टकाच्या मधल्या ओळीवर तुटेल. शिवाय शून्य क्रमांकाच्या व्हीओबीत नुसता मेनू असतो. तुम्ही ‘एक फाइल घेतच नाही’ म्हणताय ती बहुधा तीच.

‘डीव्हीडी आरटीएव्ही’ नावाचा फोल्डर असेल तर ते घरच्या रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यात व्हीआर मोड नावाच्या रेकॉर्डिंग पद्धतीत भरलेलं. त्यात व्हीआरओ नावाची एकच मोठी फाइल असते, सगळे शॉट एकापाठोपाठ. तिची प्रत काढून नावातलं व्हीआरओ पुसून एमपीजी लिहिलं की निम्मी सॉफ्टवेअरं ती बिनबोभाट घेतात. गंमत अशी की रेकॉर्डरवर कोणी काही दृश्यं नुसती यादीतून लपवून ठेवली असतील तर तीसुद्धा यात दिसतात. एका घरात त्यामुळं थोडा वाद झाला होता, ते असो.

आणि ‘एमपेग एव्ही’ नावाचा फोल्डर असेल, आत डीएटी फाइल असेल, तर ती डीव्हीडी नाहीच, व्हीसीडी आहे. २००० नंतरची काही वर्षं आपल्याकडं लग्नाच्या कॅसेटसोबत तीच मिळायची. तिचं चित्र ३५२ बाय २८८ चं, डीव्हीडी ७२० बाय ५७६ ची. म्हणजे ठिपके चौथाईच. हॉलच्या मोठ्या पडद्यावर ते पसरवलंत तर चेहरे मेणाचे दिसतील. या डिस्कचं मूळ व्हीएचएस किंवा मिनी डीव्ही कॅसेटवर असणार. ती कॅसेट कोणा काका-मामाच्या माळ्यावर आहे का, हे फोन करून विचारा. अर्ध्या तासाचा फोन कुठल्याही ‘क्वालिटी वाढवणाऱ्या’ सॉफ्टवेअरपेक्षा जास्त देऊन जाईल.

आता तासाचं शूटिंग चार मिनिटांचं का दिसतं? व्हीओबीच्या आत वेळेचे शिक्के मारलेले असतात आणि डिस्कवर नवं दृश्य सुरू झालं की ते पुन्हा शून्यापासून मोजायला लागू शकतात. प्लेअर अनुक्रमणिका बघून चालतो, त्याला फरक पडत नाही. एडिटर अनुक्रमणिका वाचत नाही, फाइलीच्या दोन टोकांचे शिक्के बघतो आणि वजाबाकी करून चार मिनिटं सांगतो. म्हणून व्हीओबी फाइली नुसत्या एकामागं एक चिकटवणं, हा जुना सल्ला मी देत नाही. कधी जमतं, कधी अर्ध्यानंतर ओठ आणि आवाज वेगळे पडतात. त्याऐवजी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरा. हार्ड डिस्कवर उतरवलेला फोल्डर त्याला दाखवा. ते अनुक्रमणिका वाचून तुकडे नीट जोडतं आणि चित्र पुन्हा न दाबता जसंच्या तसं एमकेव्हीत बांधून देतं. म्हणजे उकळी नाही, नुसतं भांडं बदललं. एक खाच लक्षात ठेवा. त्यात दोन मिनिटांपेक्षा छोटे तुकडे वगळायची सेटिंग आधीपासून असते. कॅमेऱ्याच्या डिस्कवर तर शॉटच वीस-तीस सेकंदांचे. ती मर्यादा शून्य करा, नाहीतर अर्धी सहल गायब होईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

आवाजाचं कोडं सोपं आहे. डीव्हीडीवर आवाज बहुतेक वेळा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीत असतो. तो उलगडायची सोय काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नसते, मग चित्र येतं आणि आवाजाची पट्टी रिकामी. आवाज डिस्कवर आहेच, व्हीएलसीत ऐकू येतोय ना? तो साध्या, न दाबलेल्या ४८ किलोहर्ट्झच्या आवाजात बदलला की झालं.

इथपर्यंतचं एकदा मनात लावून घ्या: डिस्क हार्ड डिस्कवर आली, फोल्डर बघून जात कळली, आणि खरी डीव्हीडी असेल तर तुकडे जोडून एक सलग फाइल हातात आली. अजून चित्राला धक्का लागलेला नाही.

तिसरं काम मात्र तुमच्याकडं काय आहे यावर अवलंबून आहे आणि तुम्ही सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेलं नाही. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह असेल तर जोडलेली एमकेव्ही तशीच उघडेल, आवाजासकट. मग बदलाबदल न करता थेट एडिटला बसा. एडियसवाल्यांचंही एमपेग-२ वर सहसा अडत नाही. इतर कुठं अडलं, किंवा लॅपटॉप जुना आहे आणि टाइमलाइन पुढंमागं सरकवताना धापा टाकतोय, तर शटर एन्कोडर हा कन्व्हर्टर घ्या. त्यातून डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेसमध्ये एकदा काढा. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम आपापली पूर्ण असते, त्यामुळं कापताना मशीनला गठ्ठा सोडवत बसावं लागत नाही. फाइली अवाढव्य होतील. होऊ देत, काम झाल्यावर पुसता येतात. जागाच नसेल तर हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून एच-२६४ करा, पण क्वालिटीचा आकडा सोळा ते अठराच्या दरम्यान ठेवा (इथं आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं), फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ करा आणि आपोआप कडा कापायची सोय बंद करा. फ्रेमरेट बदलता राहिला तर गाणं वाजवून त्यावर कट बसवताना डोक्याचे केस उपटायची पाळी येते.

लांबट माणसांकडं येऊ. आपल्याकडचं डीव्हीडीचं चित्र कायम ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, मग टीव्ही जुना चौकोनी असो की नवा रुंद. ते ठिपके चौरस नसतात. जुन्या चार-तीनच्या आकारात ते ७६८ बाय ५७६ एवढे पसरून दाखवायचे असतात, आणि सोळा-नऊमध्ये १०२४ बाय ५७६. किती पसरायचं ही खूण फाइलीत असते. कन्व्हर्टरनं ती खूण खाल्ली की एडिटर ठिपके चौरस धरतो आणि सगळं घर उपाशी असल्यासारखं सडपातळ दिसतं. एडिटरमध्ये त्या क्लिपचा पिक्सेल अॅस्पेक्ट, म्हणजे ठिपक्याचा आकार, हातानं बदला. आकड्यांवर विश्वास नसेल तर चित्रात सरळ समोरून दिसणारं भिंतीवरचं घड्याळ शोधा. ते गोल दिसेपर्यंत सरकवा. मी अजूनही घड्याळच शोधतो.

आणि कृपा करून चार-तीनचं चित्र पडदा भरावा म्हणून आडवं ताणू नका. १९२० बाय १०८० च्या टाइमलाइनवर ते १४४० बाय १०८० बसतं, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते. राहू दे. फारच मोकळं वाटलं तर त्याच चित्राची धूसर केलेली प्रत मागं टाका. सासूबाईंना रुंद केलेलं कुठल्याच सुनेला परवडत नाही.

यानंतर जे सांगतोय ते बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात, पण हॉलमधल्या पडद्यावर सगळ्यात जास्त हेच दिसतं. जुन्या टीव्हीसाठी केलेलं चित्र सेकंदाला पंचवीस फ्रेमचं असलं तरी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते. एकात एक-तीन-पाच अशा ओळी, दुसऱ्यात दोन-चार-सहा. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला पन्नास फील्ड, आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाची. जुना टीव्ही त्या तशाच एकापाठोपाठ दाखवायचा. आताचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हललेल्या हाताला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या डिस्क खराब झाल्याच्या खुणा नाहीत.

यातला पहिला-दुसरा क्रम चुकला तर काय होतं, ते मी एकदा स्वतःच्या हातानं करून बघितलंय. खासबाग मैदानातल्या कुस्तीची एक डिस्क आली होती, मिनी डीव्हीवरून बनवलेली. मिनी डीव्हीत खालच्या ओळींचं फील्ड आधी येतं. डीव्हीडी रेकॉर्डर आणि डीव्हीडी कॅमेरे बहुतेक वरच्या ओळींचं आधी घेतात. मी सवयीनं वरचं आधी धरून रेंडर मारला आणि घाईत न तपासता दिला. पैलवान एकेरी पट काढायला झेपावतोय आणि त्याचा हात पुढं, जरा मागं, पुन्हा पुढं. वस्तादांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ‘ह्यो गडी थंडीनं कापतोय काय?’ सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक डिस्कमधला सगळ्यात जोरात हालचालीचा तुकडा शोधतो, लग्नात बहुतेक वरातीचा नाच, आणि एक-एक फ्रेम पुढं सरकवून बघतो. हालचाल एकाच दिशेनं गेली तर क्रम बरोबर.

तुमची फिल्म प्रोजेक्टर नाहीतर एलईडीवर चालणार, नंतर मोबाइलवर फिरणार. दोन्हीकडं फील्ड नकोत. तेव्हा ती काढूनच टाका, पण अर्धी फेकून देऊ नका. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसच्या, म्हणजे फील्ड काढायच्या, फिल्टरला ‘बॉब’ असा पर्याय आहे, इतर सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रेमरेट दुप्पट’ अशा अर्थाचं काहीतरी असेल. तो घेतला की पन्नास फील्डच्या पन्नास पूर्ण फ्रेम होतात आणि मूळची मऊ हालचाल टिकते. मग टाइमलाइनही पन्नास फ्रेमची ठेवा. मोबाइलवरचं तीस फ्रेमचं शूटिंग मध्ये टाकणार असाल तर ते थोडं अडखळेल. अशा वेळी मी जुन्याला झुकतं माप देतो. नवं पुन्हा काढता येतं.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची म्हणून जी डिस्क तुम्ही लिहिली आहे ती व्हीएचएसवरून घेतलेली असणार. तिच्या तळाला आठ-दहा ओळी फाटल्यासारख्या वळवळताना दिसतील. टेप वाचणारं हेड बदलतं त्याचा तो मागमूस, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायचा. तेवढा खालचा भाग कापून टाका. रंग विटले असतील तर थोडे उठवा, पण चित्रातला गोंगाट, म्हणजे दाणे, घालवणारे फिल्टर जपून. जास्त लावले की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पण जातात, आणि या फिल्ममध्ये त्याच तर दाखवायच्या आहेत.

राहिल्या दोन छोट्या डिस्क, ज्या कॉम्प्युटरला कोऱ्या दिसतात. त्या बहुतेक कोऱ्या नाहीत. डीव्हीडी हँडीकॅममध्ये भरलेली डिस्क शेवटी ‘फायनलाइज’ करावी लागते, म्हणजे अनुक्रमणिका लिहून तोंड बंद करायचं. अर्धी भरली, पुढच्या ट्रिपला उरलेली वापरू म्हणून लोक ते ठेवून देत. फायनलाइज न झालेली डिस्क सहसा दुसऱ्या प्लेअरला किंवा कॉम्प्युटरला सरळ वाचता येत नाही. छोट्या डिस्कवर १.४ जीबी मावतं, नेहमीच्या क्वालिटीत अर्ध्या तासाचं शूटिंग. म्हणजे तुमच्या हातात कदाचित तासभर असं चित्र आहे जे घरात कुणी त्यानंतर बघितलेलंच नाही.

मूळ कॅमेरा शोधा. नसेल तर त्याच कंपनीचा, शक्यतो तेच मॉडेल, नातेवाइकांत कोणाकडं आहे का विचारा. कॅमेरा चालू होऊन डिस्क त्यात दिसली तर फायनलाइज करायच्या आधी एक काम करा: कॅमेऱ्याची लाल-पिवळी-पांढरी एव्ही वायर यूएसबी कॅप्चरच्या डबीला (बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये भरते ती) लावून सगळं एकदा तसंच रेकॉर्ड करून घ्या. चित्र थोडं उतरेल, पण पुढं काही बिघडलं तर हातात काहीतरी राहील. मग चार्जर भिंतीतल्या प्लगला लावून फायनलाइज करा, नुसत्या बॅटरीवर नको. मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट बंद होते, म्हणून लाइट जायचा वार टाळा. कॅमेरा मिळालाच नाही तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर बंद न झालेली डिस्कसुद्धा चाचपून आतलं शूटिंग बाहेर काढू शकतं. दरवेळी पूर्ण येतंच असं नाही.

इथंच माझ्या हातून सगळ्यात वाईट चूक झालीय. गडहिंग्लजहून एक बाई छोटी आरडब्ल्यू डिस्क घेऊन आल्या होत्या, मुलीच्या बारशाची. माझ्याकडं वेगळ्या कंपनीचा घरगुती रेकॉर्डर होता, त्यात घातली. त्याला ती ओळखू आली नाही आणि त्यानं स्क्रीनवर काहीतरी विचारलं. मी फोनवर बोलत होतो. फायनलाइजच विचारत असेल म्हणून ‘येस’ दाबलं. तो विचारत होता, फॉरमॅट करू का. आरडब्ल्यू पुन्हा लिहिता येते, त्यामुळं त्यानं इमानेइतबारे पुसली. ते परत मिळालं नाही. बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, त्यात माझ्या सासूबाईंचा पाळणा म्हणतानाचा आवाज होता.

तेव्हा डिस्कच्या चकचकीत बाजूच्या आतल्या कड्यावर किंवा वरच्या छापावर आर आहे की आरडब्ल्यू ते आधी वाचा. आरडब्ल्यू असेल तर दुप्पट जपून. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये ‘फायनलाइज’ हा शब्द दिसला तरच पुढं जायचं. ‘फॉरमॅट’, ‘इनिशियलाइज’, ‘इरेज’ यातला एकही दिसला तर नाही म्हणायचं. तुमचा लॅपटॉपही कोऱ्या डिस्कसारखी वागणूक देऊन ‘ही डिस्क कशासाठी वापरायची’ असं विचारेल, ती खिडकी तशीच बंद करा. आणि स्क्रीनवर काहीही न कळणारं आलं तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून इथं टाका. उत्तर येईपर्यंत कुठलंही बटण दाबू नका.